केळीच्या खोडाचा वाख: निपाणी भागातल्या एका महिला गटाचे प्रकरण

वेदगंगेच्या काठच्या एका गावातील महिला बचत गटाने केळीच्या खोडापासून वाख (दोर वळायला लागणारे लांब तंतू) काढायला सुरुवात केली. पहिल्या हंगामात गट अडचणीत आला, दुसऱ्या हंगामात कामाची मांडणी बदलून सावरला. गावाचे, गटाचे, बँकेचे आणि यंत्र विकणाऱ्याचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही. पैशाचे आकडे जवळच्या पूर्ण आकड्यात धरले आहेत. सीमाभागात असे गट आज अनेक ठिकाणी विचार करीत बसले आहेत. त्यांना नेमके कुठे थांबून हिशेब करायचा हे कळावे म्हणून ही मांडणी.

पार्श्वभूमी

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याचा निपाणी-चिकोडी पट्टा म्हटले की बाहेरच्या माणसाला दोनच पिके आठवतात, तंबाखू आणि ऊस. 1981 च्या तंबाखू शेतकऱ्यांच्या आंदोलनाने निपाणीचे नाव देशभर गेले. तंबाखूच्या जोडीने विडीचे काम घरोघरी आले आणि पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या मांडीवर सूप राहिले. नदीकाठच्या काळ्या रानात ऊस, आणि ठिबक करू शकणाऱ्यांच्या रानात अधूनमधून जी-नाइन जातीच्या केळीचे तुकडे, असे सध्याचे चित्र आहे. ऑगस्ट 2019 च्या महापुरात काठावरच्या केळी आडव्या झाल्या, 2021 च्या जुलैत पुन्हा पाणी आले. तरीही केळी टिकून आहे, कारण उसापेक्षा पैसा लवकर हातात येतो.

केळीचे झाड एकदाच घड देते. घड उतरला की त्या खोडाचे काम संपले, पुढचे पीक बुंध्याशी आलेल्या पिलावर. सहा बाय सहा फुटांवर लावण असेल तर एकरी 1,210 झाडे बसतात. एका खोडाचे वजन 20 किलो धरले तरी एकरातून 24 टन ओला माल निघतो. तो जाळता येत नाही, कारण खोडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असते. बहुतेक शेतकरी खोडे बांधावर रचतात, ओढ्यात ढकलतात किंवा वाळेपर्यंत रानातच पडू देतात. पडलेल्या खोडात सोंडकिड्याची पैदास होते, आणि पुढे ऊस लावायचा असेल तर रान मोकळे करायला मजूर लावावे लागतात.

गटात अकरा जणी होत्या. सगळ्या विड्या वळणाऱ्या. पाठ, डोळे आणि छाती यांच्या तक्रारी घरोघरच्या. विडीऐवजी काहीतरी दुसरे काम हवे, ही त्यांची खरी गरज होती. केळीचा वाख हे त्या गरजेला सापडलेले एक उत्तर होते. हा क्रम ध्यानात ठेवायला हवा, कारण पुढचे बरेच निर्णय त्यावरून समजतात.

अडचण

केळीच्या सोपटात, म्हणजे खोडाच्या एकावर एक बसलेल्या थरांत, लांब, चमकदार आणि बऱ्यापैकी मजबूत तंतू असतात, याबद्दल वाद नाही. तिरुचिरापल्लीचे राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र आणि गुजरातेतील नवसारी कृषी विद्यापीठ यांनी यावर भरपूर काम केले आहे. नवसारीच्या कामात तर तंतूबरोबरच खोडातल्या रसापासून द्रवखत आणि उरलेल्या चोथ्यापासून गांडूळखत करण्यापर्यंतची सगळी साखळी बसवलेली आहे.

अडचण होती ती प्रमाणाची. एका खोडातून सुका वाख निघतो 100 ते 200 ग्रॅम. वीस किलो उचलून हातात पाव किलोसुद्धा पडत नाही. बाकीचे सगळे पाणी आणि चोथा. तेव्हा वाख कसा काढायचा याच्याइतकेच बाकीचे पावणेवीस किलो कुणी, कुठून कुठे आणि कुणाच्या खर्चाने हलवायचे, हे ठरवणे महत्त्वाचे होते. सुरुवातीच्या बैठकांत या दुसऱ्या गोष्टीवर बोलणेच झाले नाही. बोलणे झाले ते यंत्र, अनुदान आणि किलोचा दर यांवर.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय हाताचा. कोप्पळ जिल्ह्यातील आनेगुंदीत, हंपीच्या पलीकडच्या काठावर, बायका केळीची सोपटे उन्हात वाळवतात, त्यांच्या पट्ट्यांना पीळ देऊन दोर करतात आणि त्यापासून टोपल्या, पिशव्या, चटया विणतात. यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. लागतो तो सराव, नक्षी आणि गिऱ्हाईक. आनेगुंदीला हंपीला येणारे पर्यटक जवळ आहेत. निपाणीत महामार्गावरून गाड्या जातात, पण थांबत नाहीत.

दुसरा पर्याय यंत्राचा. खोडाची सोपटे सोडवायची, तीन-चार फुटी तुकडे करायचे आणि फिरत्या ढोलाच्या बोथट पात्यांसमोर धरायचे. गर खरवडून निघतो, तंतू हातात राहतात. मग धुणे, विंचरणे, सावलीत वाळवणे. एका यंत्रावर तिघी लागतात आणि दिवसाला दहा-पंधरा किलो सुका वाख पडतो. यंत्र विकणाराच माल घेईन म्हणत होता.

तिसरा पर्याय सुताचा होता. बेळगावच्या शहापूर-वडगाव भागात माग आहेत, मग आपलाच वाख तिथे द्यावा, असे एका सदस्येच्या भावाने सुचवले. विचारपूस केल्यावर हे लगेच सुटले. केळीचा तंतू ताठ असतो. त्यातला डिंकासारखा चिकटपणा काढल्याशिवाय तो मऊ होत नाही, आणि कापसाच्या सूतगिरणीत जसाच्या तसा कातता येत नाही. गावपातळीवर ते होणारे नव्हते.

चौथा पर्याय काहीच न करण्याचा. खोडांचे तुकडे करून रानातच कुजवले तर पालाश (पोटॅश) आणि सेंद्रिय माल जमिनीला परत मिळतो. हा पर्याय कुणी तोंडाने मांडला नाही, पण शेतकऱ्यांच्या मनात तोच होता. माझ्या मते प्रत्येक गटाने सर्वांत आधी याच पर्यायाशी तुलना करायला हवी. शेतकऱ्याच्या लेखी खोड टाकाऊ असेलच असे नाही.

गटाने दुसरा पर्याय निवडला. दोन कारणे होती: अनुदान यंत्राला मिळत होते आणि माल घेणारा समोर दिसत होता.

पहिला निर्णय: कर्ज कुणाच्या नावावर

अन्नप्रक्रियेची योजना वाखाला लागू होत नाही, हे बँकेत गेल्यावर कळले. मग पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून अर्ज केला. ग्रामीण भागातील महिलेला त्यात प्रकल्पाच्या 35 टक्के अनुदान आहे आणि स्वतःचा हिस्सा 5 टक्के. प्रकल्प 2 लाख 40 हजारांचा धरला. म्हणजे 12 हजार पदरचे, 84 हजार अनुदान.

अर्ज गटाच्या अध्यक्षा अक्कांच्या एकट्यांच्या नावावर झाला. यंत्र गटाचे, कर्ज एकीचे. त्या वेळी कुणालाच यात वावगे वाटले नाही, कारण अक्कांवर सगळ्यांचा विश्वास होता. शिवाय अनुदान म्हणजे कर्ज तेवढ्याने लगेच कमी होणार, अशी समजूत होती. प्रत्यक्षात ही रक्कम तीन वर्षे बँकेत मुदत ठेव म्हणून राहते आणि उद्योग चालू असल्याची पाहणी झाल्यावरच कर्जात वळती होते. तोवर हप्ता चुकवता येत नाही.

इथे सीमाभागाची एक खास अडचण आडवी आली. गटाची वही मराठीत, बैठक मराठीत, पण येणारे पत्र कन्नडमध्ये. कागदपत्रांची पूर्तता मागणारे एक पत्र घरात देवळीत पडून राहिले. कानडी शाळेत शिकणाऱ्या एका सदस्येच्या मुलीने ते वाचले तेव्हा मुदत संपत आली होती. धावपळ करून काम निभावले. त्यानंतर गटाने ठरवले की येणारे प्रत्येक पत्र त्याच आठवड्याच्या बैठकीत त्या मुलीने वाचून दाखवायचे आणि मराठीत त्याचा सारांश वहीत लिहायचा. अगदी साधी व्यवस्था, पण माझ्या पाहण्यात या भागातील फार थोडे गट ती करतात.

पहिला हंगाम

यंत्र गावठाणात, तीन फेजची जोडणी मिळेल अशा एका शेडमध्ये बसवले. खोडे रानातून ट्रॅक्टर-ट्रॉलीने आणायची ठरली. दिवसाला 12 किलो वाख हवा तर साधारण 80 खोडे, म्हणजे सोळाशे किलो वजन. दर किलोला 110 रुपये धरला तर दिवसाचा माल 1,320 रुपयांचा. तिघींची मजुरी तीनशेप्रमाणे नऊशे. उरलेल्या चारशे-सव्वाचारशेत वीज, ट्रॉलीचे भाडे, खोडे तोडणारे आणि चढवणारे दोन गडी. हे बसणारच नव्हते. एकट्या गड्यांच्या मजुरीतच ते संपत होते.

त्यात ट्रॉली रोज मिळेना. मिळेल त्या दिवशी दोन-तीन दिवसांची खोडे आणून ठेवायची, तोवर ती तपकिरी पडायची. केळीचा चीक हवेला काळा पडतो, हे केळी कापणाऱ्या प्रत्येकाला आपल्या कपड्यांवरून माहीत आहे. शिळ्या खोडाचा वाख म्हणून पांढरा येत नव्हता. शेडमागे चोथ्याचा ढीग वाढला, वास आणि चिलटे सुरू झाली, शेजाऱ्यांनी पंचायतीत तक्रार केली.

पहिला माल घेऊन गेल्यावर खरेदीदाराने तिसरा हिस्सा परत पाठवला. रंग, चिकटलेला गर आणि ओल, अशी तीन कारणे. उरलेल्याचा दर कमी केला. लेखी काहीच नव्हते. त्याच्या पत्रकात वाखाच्या ताकदीविषयी जे छापले होते, ते फिलिपाइन्समधील आबाकाचे वर्णन होते. आबाका केळीच्याच कुळातला आहे, पण तो लावतातच वाखासाठी, त्याचा दोर जहाजांवर वापरला गेला. आपल्या जी-नाइनकडून ती अपेक्षा ठेवणे चूक. गिऱ्हाइकापुढे तोच दावा केला गेला असेल तर गिऱ्हाईक नाराज होणारच.

दोघींनी गट सोडला. हप्ता अक्कांच्या नावावर होता, त्यामुळे दोन महिने तो त्यांनी विडीच्या मजुरीतून भरला.

वळण

ज्यांच्या रानातून खोडे येत होती त्या तात्यांनी एक दिवस शेडवर येऊन चोथ्याचा ढीग पाहिला. ते म्हणाले, "अक्का, ट्रॉली भरभरून पाणीच गावात आणतासा की. आन् माझ्या रानाचं खत हितं कुजतंय."

"मग काय करायचं तात्या?"

"मिशन रानात न्या. वाख तुमचा, चोथा माझा."

या एका वाक्याने दोघांचे हित जुळले. यंत्र रानात गेले तर हलवायचा फक्त वाख. चोथा आणि रस, म्हणजे पालाशाचा मोठा भाग, ज्याच्या जमिनीतून आला तिथेच राहतो. खोडे ताजी मिळतात म्हणून रंगही सुधारतो.

पण रानात वीज कशी घ्यायची, हा पुढचा निर्णय होता. कर्नाटकात दहा अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे, तेव्हा पंपाच्या पेटीतूनच जोडणी घ्यावी असे दोघा-तिघांनी सुचवले. अक्कांनी नकार दिला. ती वीज पाणी उपसण्यासाठी आहे, त्यावर धंद्याचे यंत्र चालवणे बेकायदा, आणि पकडले गेले तर अडचणीत येणार तात्या. शिवाय तीन फेजची वीज ठरलेले तासच असते, बरेचदा रात्री. रात्री ओल्या रानात हे यंत्र चालवणे धोक्याचे. हा नकार मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय वाटतो. तात्यांच्या गोठ्यात जुने ऑईल इंजिन पडून होते. ते दुरुस्त करून, पट्ट्याने यंत्राला जोडून, दोन्ही एका छोट्या ट्रॉलीवर बसवले. दिवसाला तीन-साडेतीन लिटर डिझेल लागते.

पट्टा आणि ढोल दोन्ही उघडे फिरतात. लोहाराकडून पत्र्याची झाकणे करून घेतली. यंत्रावर बसणारीने साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचा, पदर आत खोचायचा, बांगड्या काढायच्या आणि सोपट संपत आले की हात पुढे न नेता ते उलटे धरायचे, असे नियम ठरले. सौभाग्यवतींनी बांगड्या काढायच्या का, यावर बराच वेळ बोलणे झाले. शेवटी काचेच्या बांगड्यांऐवजी कामापुरता मनगटाला दोरा बांधायचे ठरले, तेव्हा सासवांनीही हरकत घेतली नाही.

कोणते रान घ्यायचे

सगळे शेतकरी खोड द्यायला तयार नव्हते, आणि त्यांचे म्हणणे बरोबर होते. खोडवा, म्हणजे पिलावरचे पुढचे पीक, ठेवणारा शेतकरी घड काढल्यावर खोड लगेच बुडातून तोडत नाही. ते काही आठवडे उभे राहिले तर त्यातले अन्न पिलाला मिळते. त्याला घाई करायला लावणे म्हणजे त्याचे पुढचे पीक कमी करणे.

म्हणून गटाने रान निवडण्याची कसोटी बदलली. केळी संपवून ऊस लावायचा आहे, अशाच रानात जायचे. तिथे शेतकऱ्यालाच रान मोकळे करण्याची घाई असते. सौदा असा: खोड तोडून सरीत ओळीने आडवे टाकायचे काम शेतकऱ्याचे, वाख काढून चोथा सरीत पसरायचे काम गटाचे, आणि कुणी कुणाला पैसे द्यायचे नाहीत. तोडणीचा खर्च असा गटाच्या डोक्यावरून उतरला. रोगाने मर लागलेल्या रानात मात्र जायचे नाही, आणि एका रानातून दुसऱ्यात जाताना यंत्र व कोयते धुवायचे, ही अट शेतकऱ्यांनी घातली. ती योग्यच होती.

माल कुठे गेला

एकाच खरेदीदारावर अवलंबून राहायचे नाही, हे ठरल्यावर सोपटांची प्रतवारी सुरू झाली. अगदी बाहेरची जाड, डागाळलेली सोपटे यंत्रात घालायचीच नाहीत. ती वाळवून त्यांच्या पट्ट्या करायच्या. गजरे, वेण्या आणि पालेभाजीच्या पेंढ्या बांधायला या पट्ट्यांना बेळगावात मागणी आहे, आणि बेळगावची भाजी नि फुले जिथे जातात त्या गोव्यातही केळीच्या दोऱ्यात अबोलीचा वळेसर (गजरा) गुंफण्याची रीत आहे. यात पैसा थोडा, पण रोख. आतल्या सोपटांचा पांढरा वाख हस्तकलेसाठी घेणारे दोघे मिळाले. ते कमी घेतात, पण दर चांगला देतात.

मधल्या प्रतीच्या वाखाला गावातच वाट सापडली. गावात दोर वळणारे एक मातंग घराणे आहे. घायपाताच्या वाखाचे कासरे, दावी वळणे हा त्यांचा पिढीजात उद्योग नायलॉनने बंद पाडला होता. त्यांच्यातील म्हाताऱ्या मामांना गटाने दिवसाची मजुरी देऊन शिकवायला बोलावले आणि त्यांच्या सुनेला सदस्य करून घेतले. मजुरी द्यायची की "गावचंच काम आहे" म्हणून चहापाण्यावर भागवायचे, असा प्रश्न एकीने काढला होता. अक्कांनी तो तिथेच मिटवला. ज्याच्या हातात कसब आहे त्याला दाम मिळालेच पाहिजे, यावर दुमत असायचे कारण नाही.

मामांनी पहिल्याच दिवशी सांगितले की हा वाख पाण्यात टिकणार नाही. विहिरीचा दोर, पावसातले दावे याला चालणार नाही. म्हणून बैलांच्या तोंडावर बांधायच्या म्होरक्या, गोंडे, सजावटीचे दोर करायचे ठरले. सीमाभागात ज्येष्ठ पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर असतो. बैलांना नवी म्होरकी त्या दिवशी चढते. त्याआधीच्या आठवडे बाजारात हा माल संपला.

निष्पत्ती

दुसऱ्या हंगामात रोजचा वाख 12-13 किलोवर स्थिरावला. डिझेल, यंत्र हलवणे आणि हप्त्याचा वाटा वजा जाता तिघींना प्रत्येकी अडीचशे-पावणेतीनशे रुपये सुटू लागले, पट्ट्यांचे पैसे वेगळे. परत आलेला माल नगण्य. पंचायतीची तक्रार संपली.

पण काम वर्षभराचे झाले नाही. जून ते सप्टेंबर इथला पाऊस आणि हवेतली ओल यांत वाख वाळत नाही, बुरशी धरतो. रानात ट्रॉलीही जात नाही. ऑक्टोबर ते मे एवढाच हंगाम, आणि त्यातही रिकामे होणारे रान हाती असेल तेव्हाच. पावसाळ्यात सगळ्या जणी विडीवर परततात. विडी सुटलेली नाही. सुटेल असे ज्यांनी सुरुवातीला सांगितले, त्यांनी हंगामाचा विचार केला नव्हता. हप्ता मात्र बारा महिने येतो, म्हणून हंगामातल्या प्रत्येक किलोमागे ठरलेली रक्कम पावसाळ्यासाठी बाजूला काढण्याचा नियम आता केला आहे.

काय वेगळे करता आले असते

कर्जापूर्वी सदस्यांमध्ये लेखी करार हवा होता: यंत्र कुणाचे, हप्त्यात कुणाचा किती वाटा, मध्येच सोडून जाणारीवर काय जबाबदारी. तो दुसऱ्या हंगामात झाला, तोवर अक्कांनी एकटीने सोसले होते. स्त्रियांच्या गटात विश्वासाच्या बळावर एकीच्या नावे कर्ज काढणे हे सर्रास चालते आणि त्यात भरडली जाते ती सर्वांत प्रामाणिक बाई. यावर बँकांनी आणि गट बांधणाऱ्यांनी गप्प राहू नये.

यंत्र घेण्यापूर्वी एक हंगाम नुसत्या वाळवलेल्या पट्ट्या आणि हाताने वळलेले दोर विकून पाहता आले असते. भांडवल जवळजवळ शून्य, आणि गिऱ्हाईक कोण, कुठल्या महिन्यात, कोणत्या प्रतीला काय दर, हे कर्ज न काढता कळले असते. जिल्ह्यात मत्तिकोप्प आणि तुक्कानट्टी येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत, अरभावीला उद्यानविद्या महाविद्यालय आहे. यंत्र विकणाऱ्याचे पत्रक तिथल्या कुणा जाणत्याला आधी दाखवले असते तर आबाकाचे आकडे तेव्हाच लक्षात आले असते.

रसाचे काय करायचे हा निर्णय अजून व्हायचा आहे. सध्या तो सरीत मुरतो. त्याचे द्रवखत करून विकायला साठवण, गाळणी आणि प्रयोगशाळेची तपासणी लागेल. गटातल्या काहींना ते हवे आहे. तात्यांसारख्या शेतकऱ्यांशी झालेला सौदा "चोथा माझा" या शब्दावर उभा आहे, तेव्हा रस विकायचा तर सौदा नव्याने बोलावा लागेल, असे अक्कांचे म्हणणे आहे.

दुसरे यंत्र घ्यावे का, यावरही बैठका चालू आहेत. त्यासाठी गटाने आधी आसपासच्या केळी लावणाऱ्यांची एक वही सुरू केली आहे: लावणीचा महिना, क्षेत्र, खोडवा ठेवणार की ऊस करणार. जी-नाइनचा पहिला घड लावणीपासून अकरा ते तेरा महिन्यांत उतरतो, त्यावरून कुठले रान ऑक्टोबरनंतर मोकळे होईल याचा अंदाज बांधता येतो. एका यंत्राला महिन्याला साधारण दीड-दोन एकराची खोडे पुरतात. वहीत आठ महिन्यांचे मिळून पंधरा एकरांच्या पुढे रान भरले, तरच दुसऱ्या यंत्रासाठी बँकेत जायचे ठरले आहे.